स्पर्धेसाठी व्यक्तिचित्र: यात्रेतील मिरवणूक की खिडकीचा उजेड?

सोलापुरातून व्यक्तिचित्रांच्या छायाचित्र स्पर्धेत उतरणाऱ्याला जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेचा मोह होतोच. नंदीध्वजांच्या, म्हणजे भक्तांनी पेललेल्या उंच, जड काठ्यांच्या, मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांच्या चेहऱ्यांवर श्रम आणि श्रद्धा एकाच वेळी उमटलेली असते, आणि असा क्षण कुणाला सांगून घडवता येत नाही. मात्र तिथे उजेड आपल्या हाती नसतो. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचते आणि पांढऱ्या कापडाचा पोत साफ उडून जातो.

दुसरा पर्याय म्हणजे शहराच्या पूर्व भागातील एखाद्या विणकराला त्याच्या मागाशेजारच्या खिडकीपाशी बसवून काढलेले चित्र. बाजूने येणाऱ्या उजेडात भुवईवर अडकलेला सुताचा तंतूही दिसतो आणि बुबुळात खिडकीची चौकट उमटते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ ला, म्हणजे छिद्र बरेच मोठे उघडून, ठेवली, तर २ मीटरवरून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढे अंतर, जेमतेम ६ सेंटिमीटर मिळते, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच हवा; बसलेल्या माणसाबाबत हे साधते, मिरवणुकीत बहुधा हुकते.

नियमांत चित्रित व्यक्तीची लेखी संमती मागितली असेल, तर गर्दीतला चेहरा पुन्हा शोधणार कुठे?

माझा कौल खिडकीला आहे. फक्त त्या माणसाजवळ आधी एकदोन दुपारी नुसते बसावे, कारण कॅमेरा पाहताच पहिला अर्धा तास प्रत्येक जण फोटोसाठीचा चेहरा करून बसतो.