बेळगाव–पणजी टेम्पो ट्रॅव्हलर सेवा : गाडी उत्तम, वेळापत्रक घातक

चोर्ला घाटमार्गे बेळगावहून पणजीला जाणाऱ्या एका खासगी टेम्पो ट्रॅव्हलर सेवेविषयी हा अभिप्राय आहे. गाडी स्वच्छ, आसने ऐसपैस आणि भाडे वाजवी होते. तक्रार आहे ती मागच्या काचेवर रंगवलेल्या ‘अडीच तासांत पणजी’ या हमीबद्दल.

पिरनवाडी सोडल्यावर गाडीने वेग घेतला, पण रस्ता मोकळा होता म्हणून कोणी हरकत घेतली नाही. कणकुंबीच्या पुढे मात्र समोरचे काहीच दिसत नसलेल्या वळणावर चालकाने मालट्रकला ओव्हरटेक केले आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रस्ता सोडून खाली उतरावे लागले. “मामा, जरा सावकाश घ्या हो,” पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून शेजारच्या मावशी म्हणाल्या. “उशीर झाला तर मालक पगार कापतात,” एवढेच उत्तर आले.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दृष्टीने हे दोन वेगळे गुन्हे आहेत. वेगमर्यादा ओलांडणे कलम १८३ मध्ये येते आणि त्यासाठी हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. जागा, रस्त्याची स्थिती आणि रहदारी पाहता तो वेग किंवा ती पद्धत लोकांना धोकादायक ठरली, किंवा गाडीतल्या प्रवाशांच्याच मनात धास्ती निर्माण झाली, तर कलम १८४ लागू होते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, १००० ते ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निव्वळ ‘गाडी भरधाव होती’ एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असे कर्नाटकातल्याच एका ट्रक अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि ते मला पटते. म्हणूनच पिरनवाडीचा वेग आणि कणकुंबीचे वळण मी एका मापाने मोजत नाही.

मालकांनी कलम १८३ पुढेही वाचावे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असे वेळापत्रक प्रसिद्ध केले, तर ते प्रसिद्ध करणाऱ्याविरुद्धच प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कार्यालयात तक्रार केली तेव्हा ‘चालक बदलतो’ असे सांगण्यात आले. पण नव्या चालकालाही त्याच अडीच तासांत घाट उतरायचा आहे. काचेवरची ती हमी पुसून पगारकपात थांबेपर्यंत घरच्या कोणासाठीही मी या गाडीचे तिकीट काढणार नाही.