गिअरबॉक्स न उतरवताच लावलेलं गिअरबॉक्सचं बिल

चालत्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो, किलोमीटर पडायचे थांबतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. अशी गाडी गॅरेजात नेली की काही ठिकाणी पहिला शब्द निघतो तो "गिअरबॉक्स". याच शब्दावर माझ्या निवृत्त वडिलांकडून साडेअकरा हजार रुपये उकळले गेले. पेन्शनीतले पैसे होते, म्हणून जास्त चीड येते.

"काका, आतला गिअर गेलाय. बॉक्स उतरवावाच लागेल. असंच चालवलंत तर घाटात लॉक होईल," असं त्यांना सांगितलं. संध्याकाळी तेलात माखलेला, दात तुटलेला एक गिअर हातावर ठेवून दाखवला. समोर तुटका गिअर दिसल्यावर कोण शंका घेईल? बिलात बॉक्स उतरवून बसवायची मजुरी, नवा गिअर, नवं गिअर ऑइल आणि नवा स्पीड सेन्सर लावला होता.

पावसाळा सुरू झाला आणि काटा पुन्हा पडला. मग गाडी मी घरीच उघडली.

आमच्या जुन्या मॅन्युअल गाडीत हा सेन्सर गिअरबॉक्सवर बाहेरूनच बसतो. १० नंबरचा एक बोल्ट, तेल अडवणारी एक रबरी ओ-रिंग आणि तीन वायरी जोडायचं कपलर, एवढंच. त्याच्या टोकाचा प्लास्टिकचा छोटा गिअर चाकांबरोबर फिरतो आणि सेन्सर ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे, पल्स (विजेचे ठोके) पाठवतो. काटा, किलोमीटर आणि गाडी थांबताना सांभाळायचा आयडल (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग), हे सगळं त्या पल्सवर चालतं. तो काढायला गिअरबॉक्स हलवावाही लागत नाही.

आणि तो हलवलेला नव्हताच. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या भागाच्या, बोल्टांवर चिखल-तेलाचा जुना थर जसाच्या तसा होता, एकाही बोल्टावर पान्याची खूण नाही. ऑइल भरायचा प्लगही तसाच मळाखाली, आतलं ऑइल काळं. "नव्या" सेन्सरवर प्लास्टिकमध्ये उठवलेलं उत्पादनाचं वर्ष आमच्या गाडीचंच निघालं. म्हणजे कंपनीतून आलेला मूळ सेन्सर पुसून परत लावला होता. त्याची बॉडी तडकून तेल कपलरमध्ये झिरपत होतं. पिना साफ केल्या म्हणून गाडी काही आठवडे नीट चालली. दाखवलेला तो गिअर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीतला.

नवा सेन्सर घेण्याआधी मल्टिमीटरनं वायरिंग पाहिलं, कारण अनेकदा दोष तिथेच असतो. इग्निशन ऑन केल्यावर एका पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज आणि एका पिनेवर पक्कं अर्थिंग मिळायला हवं. मग हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं एक चाक जॅक-स्टँडवर घेतलं आणि न्यूट्रलमध्ये हातानं फिरवलं. सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज वर-खाली व्हायला हवा होता, तो हलतच नव्हता. अधिकृत काउंटरवर सेन्सर हजार-बाराशेत मिळाला. ओ-रिंगला गिअर ऑइलचं बोट लावून तो सरळ बसवला, बोल्ट बेतानं आवळला. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असतं, जोर केला तर आटे जातात.

अनेक नव्या गाड्यांत हा सेन्सर नसतोच, वेग एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकांवरच्या सेन्सरांवरून घेतला जातो. तिथेही गिअरबॉक्सचं नाव निघालं, तर आधी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा आणि कोडचा फोटो घ्या. 'पी०५००' आला तर तो स्पीड सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे, त्यात वायर आणि कपलरही आले. घरच्या वडीलधाऱ्यांना एवढं नक्की सांगून ठेवा, की खर्चाचा अंदाज कागदावर घ्यायचा, नव्या भागाची सीलबंद खोकी डोळ्यांसमोर उघडायला लावायची आणि जुना भाग घरी आणायचा. बॉक्स खरंच उतरवला असेल, तर तो जमिनीवर असतानाचा फोटो मागितला म्हणून प्रामाणिक मेकॅनिक चिडणार नाही.

बोल्टांचे फोटो आणि बिल घेऊन मी गॅरेजवर गेलो. मालकानं आवाज चढवला, मग मजुरीचे पैसे परत केले. सेन्सर, गिअर आणि ऑइलचे द्यायला तयार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि एवढ्या लहान रकमेला फी लागत नाही. बाबांनी पक्कं बिल मागून घेतलं होतं, म्हणून हे सगळं करता येतंय.