अपडेटच्या नावाखाली डिस्प्ले बदलला

रात्री चार्जिंगला लावताना फोनने अपडेट मागितलं, मी 'हो' दाबून झोपले. सकाळी फोन तव्यासारखा तापलेला. शंभर टक्के बॅटरी दुपारी एकला वीसवर आली, कॅमेरा उघडायला तीन-तीनदा दाबावं लागायचं. फोन आठ महिन्यांचा, वॉरंटीत. तरी सर्व्हिस सेंटरला गेले नाही, कारण तिथे दोन दिवस ठेवून घेतील या धास्तीने. क्लासच्या मुलांचे सगळे ग्रुप त्याच फोनवर. नाशिकला सीबीएस बसस्थानकावर उतरले आणि चालत एम. जी. रोड गाठला.

दुकान कुठलं ते लिहीत नाही. पोऱ्याने फोन हातात घेतला, मागून बोट फिरवलं. "ताई, अपडेटने बोर्ड शॉर्ट व्हायला लागलंय. उघडून बघावं लागेल. दोन तासांनी या." पॅटर्न विचारला, मी सांगितला. तो त्याने दुकानाच्या कार्डामागे लिहिला. हे आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो. मी रविवार कारंजावर भाजी घेतली, बहिणीकडे चहा प्यायले, सातला परत. अठराशे रुपये. पावती म्हणून तेच कार्ड, त्यावर 'सॉफ्टवेअर १८००', बस्स.

फिंगरप्रिंट लागत नव्हतं. तो म्हणाला, "अपडेटमुळे सेन्सर बंद झालाय, पुढच्या अपडेटला आपोआप येईल." पटलं. सकाळपासून सगळं अपडेटनेच बिघडलं होतं, मग हेही त्यातलंच असणार!

चौथ्या दिवशी रात्री लाइट गेली. अंधारात फोन टेबलावर होता, मुलीने त्यावर एक व्हिडिओ लावला. त्याच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या काळ्या दिसेनात, राखाडी. ती म्हणाली, "आई, तुझा फोन धुक्यात गेल्यासारखा दिसतोय." आधी तो असा कधी दिसला नव्हता.

शेवटी सर्व्हिस सेंटर. तिथल्या मुलाने त्यांचा तसलाच फोन माझ्या फोनशेजारी ठेवला आणि दोन्हींवर काळा फोटो उघडला. त्यांचा काळाकुट्ट, माझा भुरकट. माझ्या फोनला ॲमोलेड पडदा होता. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, काळं दाखवायचं तर विझतो. आता होता तो एलसीडीचा कॉपी डिस्प्ले, मागे सतत दिवा जळणारा. आमच्या मॉडेलचा फिंगरप्रिंट सेन्सर पडद्याखालून, पडद्याच्याच उजेडात बोट बघतो. एलसीडीतून त्याला काही दिसत नाही. कितीही अपडेट आले तरी तो चालणार नव्हता. ओरिजिनल डिस्प्लेचे साडेनऊ हजार सांगितले. फोन बाहेर उघडलेला, त्यामुळे वॉरंटीही गेली.

आणि बोर्ड? बोर्डाला काहीच झालं नव्हतं. मोठ्या अपडेटनंतर फोन आतली सगळी ॲप्स नव्या सिस्टिमला जुळवून घेत राहतो, दोन-तीन दिवस तापतो, बॅटरी खातो. रीस्टार्ट करायचा, प्ले स्टोअरमधून ॲप्स अपडेट करायची, सेटिंगमध्ये बॅटरी कोण खातंय ते बघायचं. तरी थांबलं नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त फोनबरोबर आलेल्या ॲप्सवर, चालवून बघायचं. तिथे नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा. हे त्या मुलाने पाच मिनिटांत, फुकट सांगितलं.

दुकानात परत गेले. "ताई, तुम्ही आणला तेव्हा असाच होता." माझ्याकडे फोनचा आधीचा फोटो नाही, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लिहिलेली पावती नाही, काय उघडलं त्याची नोंद नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हेही कळलं, पण त्या कार्डावर मी कुणाला काय सिद्ध करून दाखवणार? आता घरातला कुणाचाही फोन दुरुस्तीला निघाला की आधी त्याच्या चालू पडद्याचा, अंगठ्याने उघडतानाचा व्हिडिओ काढते. दुरुस्तीपुरती आपली माहिती झाकून ठेवणारा मेंटेनन्स मोड असेल तर तो लावते, म्हणजे पॅटर्न द्यावा लागत नाही. आणि दुकानदार "दोन तासांनी या" म्हणाला की स्टूल ओढून समोर बसते. त्यांना आवडत नाही.

माझा फोन अजून पॅटर्ननेच उघडतो. गेल्या आठवड्यात पुन्हा मोठा अपडेट आला, केला. फोन तापला. दोन दिवस तसाच राहू दिला, तिसऱ्या दिवशी गार झाला.