मुंबई मॅरेथॉन (फुल): टायमिंगसाठी जाणार असाल तर राहू द्या

आमच्या इंदूरच्या रनिंग ग्रुपवर दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, मुंबई कशी आहे, जावं का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवत बसायला नको. तर जा, नक्की जा, पण पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे आपला आजवरचा सगळ्यात चांगला टाइम) करायला जाऊ नका. पीबीच करायचा असेल तर आपला सुपर कॉरिडोर काय वाईट आहे, सपाट रस्ता, जानेवारीची कोरडी थंडी, आणि धावून आलं की जीरावन घातलेले पोहे.

आधी कामाचं पटकन. जानेवारीतला तिसरा रविवार असतो. 2004 पासून चालू आहे, मधे कोविडात खंड पडला तेवढाच, आधी स्टँडर्ड चार्टर्डच्या नावाने होती, 2018 पासून टाटा. फुल म्हणजे 42.195 किमी, सीएसएमटीहून पहाटे 5 ला सुटते आणि तिथेच संपते, हाफ मात्र माहीमहून सुटून सीएसएमटीला येते, त्यामुळे ग्रुपमधले काही फुल काही हाफ असतील तर सगळ्यांनी एकाच हॉटेलात राहून एकत्र निघू हा प्लॅन विसरा. रजिस्ट्रेशन आधीच्या पावसाळ्यातच उघडतं, तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणणारे घरीच राहतात. बिब (छातीवर लावायचा नंबर) रेसच्या दिवशी मिळत नाही, त्याआधीच एक्स्पोला, म्हणजे रेसच्या प्रदर्शनाला, जाऊन स्वतः घ्यावं लागतं, मुंबईकरांना ठीक आहे पण आपल्यासारख्यांना एक दिवस जास्तीचा मोडतो. मी शुक्रवारी संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली, सकाळी मुंबई सेंट्रल, सामान टाकलं आणि एक्स्पोसाठी बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल). एक्स्पोला बिब घ्या आणि निघा हो! तिथे बूट, जेल, गॉगल बघत दुपारभर उभं राहिलात तर रविवारी पोटऱ्या त्याचा हिशोब मागतात.

हॉटेल स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ घ्या, ह्यात काटकसर नको. फोर्टमधल्या ज्या लॉजवर मी उतरले (नाव लिहीत नाही) तिथे आदल्या रात्री मान हलवून हो मॅडम साडेतीनला चहा-केळी मिळेल म्हणाले आणि साडेतीनला खालच्या शटरला कुलूप, वॉचमन गाढ झोपलेला, त्याला उठवेपर्यंत माझं वॉर्मअप झालं. केळी, खजूर जे लागेल ते स्वतःजवळ ठेवा.

आता मुख्य गोष्ट म्हणजे हवा. पहाटे 5 ला अंगावर गार वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. आपल्याकडे जानेवारीत घाम येतो आणि वाळून जातो, कळतसुद्धा नाही, मुंबईत तो वाळतच नाही कारण हवेत आधीच इतकी वाफ असते, घाम उडाला नाही की अंग गार होत नाही आणि त्याच पेसला (वेगाला) हार्ट रेट चढत जातो. मरीन ड्राइव्ह संपेपर्यंत माझा टीशर्ट पिळून काढता आला असता. नुसतं पाणी ढोसू नका, इलेक्ट्रॉल किंवा मिठाच्या गोळ्या कमरेला बांधून घ्या आणि तहान लागायच्या आधीपासून थोडं थोडं घेत रहा. पहिली 10 किमी आपल्या नेहमीच्या पेसपेक्षा हळू, कितीही पाय शिवशिवले तरी.

वांद्रे-वरळी सी लिंकसाठी मात्र सगळं माफ. एरवी ह्या 5.6 किमीच्या पुलावर पायी माणसाला, दुचाकीला, रिक्षाला कोणालाच सोडत नाहीत. मी वरळीच्या बाजूने चढले तेव्हा नुकतं फटफटत होतं, केबल वर काळ्या दिसत होत्या, गाडी एकही नाही, फक्त हजारो बुटांचा चप् चप् आवाज, आणि निम्मी जनता मधेच थांबून सेल्फी काढत होती. पुलावर प्रेक्षक नसतात त्यामुळे तिथे एकदम शांत वाटतं. खाली उतरून माहीमकडे वळलात की उलट, कानठळ्या.

आणि मी ह्याचेच पैसे वसूल झाले म्हणते. ऑफिशियल एड स्टेशनवर पाणी, एनर्जी ड्रिंक, स्प्रे सगळं होतं, पण रस्त्यावरची माणसं घरून डबे घेऊन उभी असतात. संत्र्याच्या फोडी, गूळ, चिक्की, बर्फ, कोणी व्होलिनी घेऊन. शिवाजी पार्कजवळ एक आजी स्टीलच्या ताटात संत्र्याच्या सोललेल्या फोडी घेऊन होत्या, वर मीठ भुरभुरलेलं, बिया काढलेल्या! मी दोन उचलल्या तर म्हणाल्या, "कुठून आलीस गं?" म्हटलं, "इंदूरहून." "अगं बाई, आमच्या नणंदबाई राजेंद्रनगरला असतात, घे अजून दोन." मागून लोक येताहेत, घड्याळ पळतंय आणि आम्ही नणंदबाई बोलतोय. बरं, लहान पोरं हात पुढे करून टाळ्या मागत असतात त्यांना द्या, काही सेकंद जातील, जाऊ देत.

पेडर रोड. येताना हा चढ साधारण 35-36 किमीला येतो, सूर्य डोक्यावर, पायात जीव नाही, केम्प्स कॉर्नरपर्यंत बहुतेक सगळे चालत असतात आणि मीही चालले, त्यात लाज काही नाही. सुपर कॉरिडोरवर कितीही लाँग रन मारा, ह्याची तयारी होत नाही, महिन्यातून दोनदा तरी रालामंडलची चढण करून जा, आणि तीही अंग आधीच दमलेलं असताना.

एक मजा सांगते. एलिट मंडळी, म्हणजे जिंकायला आलेले व्यावसायिक धावपटू, आपल्यानंतर दोन-सव्वादोन तासांनी सुटतात. 2023 मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने 2:07:32 ला संपवली होती, कोर्स रेकॉर्ड. तर मी मरीन ड्राइव्हवर रडतखडत परत येतेय आणि बाजूच्या लेनमधून पुढच्या मोटरसायकली, मागे चार-पाच जण सुईसारखे निघून गेले, श्वास लागल्याचा आवाजसुद्धा नाही. माझ्या शेजारचे काका म्हणाले, "हे नाश्ता करून निघाले असतील." फार हसले मी, बरगडीत कळ आली.

फिनिशला समोर सीएसएमटीची इमारत दिसते, मग मेडल, आझाद मैदान, गर्दी. तिथे फोन लागेलच असं समजू नका, भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा. पहाटे यायला लोकलच्या स्पेशल गाड्या सोडतात, टॅक्सीच्या भरवशावर राहू नका कारण रस्ते बंद असतात.

माझ्याकडून 5 पैकी 4, एक मार्क हवेचा कापला, तो आयोजकांच्या हातात नाही हे मान्य. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाफ करावी असं माझं स्पष्ट मत. आणि घरचे सोबत येणार असतील तर त्यांना फिनिशला उभं करू नका, तिथे कोण कोणाला दिसत नाही, पेडर रोडच्या चढावर मीठ घातलेलं लिंबूपाणी घेऊन उभं करा, फक्त "आता थोडंच राहिलंय" असं म्हणायचं नाही ही ताकीद देऊन ठेवा, कारण तिथून अजून सहा-सात किलोमीटर असतात आणि आपल्याला ते माहीत असतं.