दहा महिने, १०,८०० किलोमीटर आणि एक खोटा पाना

गाडीबद्दल आधी थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. इंजिन शांत, क्लच हलका, लांबच्या प्रवासात पाठ धरत नाही, डिकी मात्र फोटोत दिसते त्यापेक्षा लहान. दहा महिन्यांत यंत्र म्हणून एकही गोष्ट बिघडली नाही. तरी मी सर्व्हिस सेंटरच्या तीन चकरा मारल्या, आणि तिन्हींचं मूळ गाडीत नव्हतं. कारखान्यातून गाडी बरोबर आली होती. घोटाळे झाले ते तिथून निघाल्यापासून माझ्या हातात किल्ली पडेपर्यंत, आणि नंतर माझ्या नावाची नोंद करताना.

पहिला घोटाळा मी स्वतःच ओळखला नाही, उलट गाडीलाच दोष देत राहिलो. डिलिव्हरीनंतरचे तीन आठवडे मागची बाजू दणके देत होती. गतिरोधकावरून पुढची चाकं मऊसूत उतरायची आणि मागून धाडकन आवाज. मागे बसलेली आई दर वेळी ‘हळू रे’ म्हणायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की या गाडीचं मागचं सस्पेन्शन कडक आहे. टेस्ट ड्राइव्हला असं जाणवलं नव्हतं, पण तेव्हा मागे कुणी बसलं नव्हतं, अशी मीच मनाची समजूत घातली.

वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढलेला एक मित्र भेटला. त्याने गाडी चालवून पाहिलीच नाही. टॉर्च घेऊन तो थेट खाली झोपला आणि मागच्या स्प्रिंगमध्ये बोटं घालून चाचपू लागला. ट्रकवर किंवा जहाजावर चढवताना गाडी फार हलू नये म्हणून काही मॉडेल्सच्या स्प्रिंगमध्ये रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे बसवून पाठवतात. ते काढणं हे डिलिव्हरीआधीच्या तपासणीतलं, म्हणजे पीडीआयमधलं काम. ते राहिले तर गाडी उंच दिसते आणि दगडासारखी चालते. माझ्या गाडीत ठोकळे नव्हते. मग त्याने टायरमधल्या हवेचा दाब मोजायचा गेज काढला. पुढची दोन चाकं ३३ पीएसआय, मागची दोन ४४. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर पाहिलं, तर चारही चाकांना ३३च.

चाकांत जास्त हवा भरून गाडी पाठवतात, कारण महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर खाली चपटे पडू नयेत. पीडीआयच्या वेळी ती हवा उतरवून स्टिकरवरच्या आकड्यावर आणायची असते. माझ्या गाडीची पुढची उतरवली, मागची राहिली. बहुधा मधेच कुणीतरी हाक मारली असणार. तपासणीच्या कागदावर मात्र चारही टायरसमोर बरोबरच्या खुणा होत्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मागची हवा ३३ वर आणली आणि गाडीची चालच बदलली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा! पंक्चर म्हणून चारही चाकं तपासली, सगळी ३३. या मॉडेलच्या चाकांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर नाही. एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर प्रत्येक चाक किती वेगाने फिरतं ते पाहतात. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो, तेवढ्याच अंतराला ते थोडं जास्त फिरतं आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. आता डिलिव्हरीच्या वेळी पुढे ३३ आणि मागे ४४ असताना कुणीतरी ‘हेच बरोबर’ म्हणून रीसेट दाबलं होतं. मी चूक सुधारल्यावर गाडीला तीच चूक वाटली. मेन्यूत जाऊन पुन्हा रीसेट केलं, थोडं अंतर गाडी चालवून तिला नवा हिशेब शिकू दिला, दिवा गेला तो कायमचा. ज्यांच्या चाकांत खरे सेन्सर आहेत त्यांना हा प्रकार सहसा होणार नाही, पण गेज त्यांनीही एकदा लावून बघावा.

मूळ तक्रार पुढेच आहे.

डिलिव्हरीला तीन महिने झाले असतील. सकाळी गाडी चालू केली आणि पडद्यावर पान्याचं चिन्ह, खाली ‘सर्व्हिस ३० दिवसांत’. पुस्तिकेप्रमाणे पहिली सर्व्हिस एक वर्ष किंवा १५,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. माझी गाडी जेमतेम ३,००० ओलांडून गेलेली. फोन केला तर उत्तर तयार, ‘सर, दिवा आलाय म्हणजे गाडीला गरज आहे, घेऊन या, ऑइल बदलून टाकू.’ इथे एक खुलासा. पान्याचा दिवा म्हणजे आठवण. तेलाच्या चंबूचा लाल दिवा वेगळा, तो इंजिनातल्या ऑइलचा दाब गेल्याचा इशारा असतो आणि तो दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं. फोनवरचा माणूस पान्याबद्दल लाल दिव्याच्या सुरात बोलत होता.

‘गाडीला गरज आहे’ हे वाक्यही माझ्या गाडीपुरतं खरं नाही. काही गाड्या इंजिनाचे फेरे, तापमान, थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्या यांचा हिशेब ठेवून ऑइलचं उरलेलं आयुष्य काढतात. माझ्या गाडीत ती सोय नाही. तिच्यात दोन साधे मोजणारे आहेत, एक दिवस उलटे मोजतो आणि दुसरा किलोमीटर. ऑइलकडे कुणीही पाहत नाही.

मेन्यूत खोल कुठेतरी दोन्ही आकडे दिसतात हे मला पुस्तिका वाचून कळलं. (कधी नव्हे ती पूर्ण वाचली.) सेंटरला जायच्या दिवशी निघताना पाहिलं. मीटरवर ३,२१०. सर्व्हिसला उरलेले किलोमीटर ११,७९०. बेरीज बरोबर १५,०००. म्हणजे अंतराचा हिशेब चोख होता. उरलेले दिवस दाखवत होते २३. डिलिव्हरी होऊन ९८ दिवस झाले होते, म्हणजे उरायला हवे होते २६७. वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. ३६५ मधून २३ गेले, ३४२. त्यातले माझ्याकडचे ९८ काढले, उरले २४४.

२४४ दिवस, म्हणजे आठ महिने. दिवस मोजणारा माझ्या कितीतरी आधी सुरू झाला होता, आणि गाडी देताना तो शून्यापासून लावायचा राहिला होता. मग टायरच्या कडेवरचा कोड पाहिला. शेवटचे चार अंक, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. टायर डिलिव्हरीच्या सुमारे नऊ महिने आधीचे. टायर गाडीच्या आधी तयार होतात, म्हणजे मेळ बसला. माझी ‘कोरी करकरीत’ गाडी माझ्याआधी आठ महिने कुठल्यातरी यार्डात ऊन खात उभी होती. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पान्याने सांगितलं. खोटा म्हणतो खरा, पण त्याचे उपकारही आहेत.

सेंटरवर सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉब कार्ड (गाडीच्या कामांची नोंद) उघडून आधीच ‘इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर’ लिहून ठेवलं होतं. मी वही दाखवली. भला माणूस होता, त्याने वजाबाकी दोनदा तपासली आणि म्हणाला, ‘मग रीसेट मारून देतो, दोन मिनिटांचं काम.’

इथे मी अडलो, आणि हे ज्यांच्यावर येईल त्यांनीही अडावं. साधा रीसेट म्हणजे गाडीला ‘आज सर्व्हिस झाली’ असं सांगणं. त्या दिवशी रीसेट मारला असता तर मोजणी पुन्हा ३६५ आणि १५,००० पासून सुरू झाली असती. पहिली सर्व्हिस वर्षाऐवजी पंधरा महिन्यांनी आली असती आणि अंतराच्या बाजूने १८,२१० वर. आधीचा दिवा लवकर लागून खोटा ठरला, हा उशिरा लागून खोटा ठरला असता. लवकरच्या खोट्याने फार तर ऑइल वाया जातं. उशिराच्या खोट्यात ऑइल जुनं होतं, आणि पुढे वॉरंटीचा प्रश्न आला की ‘सर्व्हिस वेळेवर का केली नाही’ हे ऐकून घ्यायला आपण एकटे उरतो.

ॲडव्हायझर म्हणाला, दुसरा पर्याय नाही. आतून एक मुलगी आली, टेक्निशियन, हातात गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर. तिने तो गाडीला जोडला, पाच-सात मिनिटं खाली-वर करत राहिली, मग मान वर न करता विचारलं, ‘किती टाकू?’ उरलेल्या दिवसांच्या जागी २६७ टाकले, किलोमीटरला हातही लावला नाही. पर्याय होता, शोधायला कुणी बसलं नव्हतं इतकंच. हे सगळ्याच गाड्यांत जमेल असं नाही. जमलं नाही तर आकडा साधा रीसेट करून खरी तारीख स्वतः लिहून ठेवावी आणि जॉब कार्डवर ‘सर्व्हिस केली नाही, फक्त रीसेट’ असं लिहून घ्यावं. मी तेही लिहून घेतलं.

मुदत डिलिव्हरीपासून मोजायची हे माझ्या पुस्तिकेत स्पष्ट आहे, म्हणून इंजिन ऑइलबद्दल मी निर्धास्त आहे. ब्रेक ऑइलचा हिशेब मात्र मी गाडी बनल्यापासून धरतोय. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि यार्डात उभी असली तरी हवा तीच. दोन वर्षांच्या मुदतीत आठ महिने आधीच गेले असं समजून चाललोय. कुणी याला अतिरेक म्हटलं तर म्हणो.

त्याच मुलीने बॅटरीही तपासली, मी न सांगता. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून क्वचितच चालत होती. मला वाटायचं, ती अशीच लहरी असते. इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ व्होल्टवर होती. पूर्ण भरलेली साधारण १२.६ दाखवते. अर्धवट बॅटरीवर गाडी इंजिन बंदच करत नाही, पुन्हा स्टार्ट होईल की नाही याची तिला खात्री नसते. आठ महिने उभी राहून बॅटरी उतरली होती आणि माझ्या छोट्या फेऱ्यांत ती कधी पुरती भरलीच नाही. रात्रभर त्यांच्याकडे चार्जिंगला ठेवली. तेव्हापासून सोय चालते. बॅटरीचं आयुष्य किती घटलंय ते पुढे दिसेल.

एवढं सगळं नीट झाल्यावर आठवड्याभरात फोनवर संदेश. ‘आपल्या वाहनाची ३०,००० किलोमीटरची सर्व्हिस उलटून गेली आहे. कृपया त्वरित संपर्क साधा.’ मी हसलो आणि पुसून टाकला. दुसरा आला, तिसरा आला. मग जॉब कार्ड काढून पाहिलं. मीटरच्या रकान्यात ३,२१० ऐवजी ३२,१००. एक शून्य जास्त.

हे हसून सोडण्यासारखं नाही. ती नोंद गाडीच्या इतिहासात जाते. पुढच्या खऱ्या सर्व्हिसला मीटरवर बारा-तेरा हजार लिहिले गेले की कागदावर चित्र असं दिसणार, ही गाडी ३२,१०० चालली होती आणि कुणीतरी मीटर मागे फिरवला. विकताना कुणाची समजूत घालत बसणार? दुसरी चकर यासाठी. तोंडी ‘करतो सर’ वर मी परत आलो नाही. मीटरचा फोटो, चुकीचं जॉब कार्ड, मेल, आणि दुरुस्त झालेल्या नोंदीची प्रत हातात. दोन तास गेले.

तिसरी चकर खरं तर सगळ्यात आधीची, दुसऱ्याच आठवड्यातली, पण लवकर आटपली. गाडीचं ॲप जोडायला गेलो तर ‘हे वाहन आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे’. तपासणी करताना शोरूमवाल्यांनी स्वतःचं खातं जोडलं आणि ते काढायचं राहिलं. म्हणजे दोन आठवडे माझी गाडी कुठे उभी आहे ते शोरूममधल्या एका फोनवर दिसत होतं. त्यांनी खातं काढलं, मी समोर उभं राहून गाडीचा पडदाही पूर्ण फॅक्टरी रीसेट करून घेतला.

बारीकसारीक गोष्टी धरत नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली कंपनीच्या मॅटवरच शोरूमची दुसरी मॅट टाकून दिली होती, हुकात न अडकवता, सरकून ॲक्सिलरेटरखाली जाईल अशी. ती मी शोरूमच्या दारातच काढली. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक फिल्म अजून एका कोपऱ्यात चिकटलेली आहे, निघता निघत नाही.

गाडी पुन्हा घेईन का? हीच घेईन. डिलिव्हरीच्या दिवशी मात्र हार-फोटो व्हायच्या आधी खिशातला गेज काढेन, टायरचा कोड वाचेन आणि मेन्यूतले उरलेले दिवस विकणाऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवेन.

आज मीटरवर १०,८०० आहेत. पडद्यावर उरलेले किलोमीटर ४,२००, दिवस ६०. वहीतही ६०च येतात.