'हसलर्स' (२०१९): नाच, नोटा आणि हिशेब

स्ट्रिप क्लबवरच्या बहुतेक चित्रपटांत नाच भरपूर असतो आणि हिशेब गाळलेला असतो. लॉरीन स्काफारिया लिखित-दिग्दर्शित 'हसलर्स' (न्यू यॉर्कच्या स्ट्रिप क्लबमधल्या नर्तकी श्रीमंत गिऱ्हाइकांना लुबाडू लागतात, त्याची गोष्ट) पहिल्या दहा मिनिटांतच हिशेबाला हात घालतो, आणि या विषयावरच्या इतर चित्रपटांपेक्षा तो वरचढ ठरतो तो त्यामुळेच.

सुरुवातीचा लांबलचक शॉट नीट पाहा. डेस्टिनी (कॉन्स्टन्स वू) मेकअपच्या आरशासमोरून उठते, कॅमेरा तिच्या मागोमाग निघतो, मुलींच्या रांगेतून स्टेजवर आणि तिथून गिऱ्हाइकांच्या टेबलांपर्यंत जातो. मध्ये कट नाही. क्लब किती मोठा आहे, कुठे अंधार आहे, कोण कुणाकडे पाहतंय आणि ही नवखी मुलगी तिथे किती अवघडलेली आहे, हे सगळं एका दमात कळतं. त्यानंतर रात्र संपते आणि पैशांची मोजणी होते. क्लबचा माणूस तिच्या कमाईतून वाटा काढून घेतो. उरलं ते घेऊन ती पहाटे क्वीन्समध्ये आजीकडे पोचते.

हा प्रसंग मिनिटभराचा असेल, पण धंद्याची सगळी रचना त्यात आली आहे. अमेरिकेतल्या बहुतेक क्लबांत नर्तकीला पगार नसतो. कागदोपत्री ती 'स्वतंत्र व्यावसायिक'. त्या रात्री काम करायला मिळावं म्हणून उलट तीच क्लबला पैसे मोजते, त्याला हाउस फी म्हणतात. त्यावर डीजेची टिप, बाउन्सरची टिप, मेकअपच्या खोलीत मुलींची काळजी घेणाऱ्या 'हाउस मॉम'ची टिप. खासगी खोलीतल्या नाचाच्या पैशातूनही क्लबचा हिस्सा कापला जातो. उशिरा आलं तर दंड. गिऱ्हाईक कमी असलेल्या रात्री नर्तकी खिशातले पैसे घालून घरी जाऊ शकते. हे ठाऊक असलं की पुढे या बायका जे करतात त्याचा पाया लक्षात येतो. नॉर्थ हॉलिवूडमधल्या स्टार गार्डन क्लबच्या नर्तकींनी २०२३ मध्ये युनियन मिळवली ती क्लबमधल्या असुरक्षिततेसारख्या तक्रारींवरून भांडून. चित्रपटात युनियनचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. २००७ सालच्या न्यू यॉर्कचा विचार करता ते खरंही वाटतं.

मराठी प्रेक्षकाला इथे एक गोष्ट ओळखीची वाटेल आणि एक परकी. नोटा उधळणं आपल्याला नवं नाही. तमाशाच्या फडात दौलतजादा होताच, आणि मुंबईच्या डान्स बारमध्ये तर नोटांचा खच पडायचा. २००५ ची बंदी, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवणं, २०१६ चा नवा कायदा आणि १७ जानेवारी २०१९ चा निकाल, हा सगळा प्रवास इथल्या वाचकाला माहीत आहे. त्या शेवटच्या निकालात टिप द्यायला मुभा मिळाली, नोटा उधळायची मनाई मात्र कायम राहिली. 'हसलर्स' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. परकं वाटतं ते स्टेजसाठी नर्तकीनेच भाडं भरणं. ते ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला तर स्टेजवर पडलेल्या प्रत्येक नोटेकडे बघायची नजर बदलते.

आता क्लबमधली मुरलेली नर्तकी रमोना हिच्या नाचाबद्दल. जेनिफर लोपेझची ही एंट्री गाजली आणि ती गाजायलाच हवी होती, पण कौतुक बहुतेक वेळा तिच्या वयाचं झालं. चित्रीकरणाच्या वेळी ती ४९ वर्षांची होती. खरं कौतुक तंत्राचं व्हायला हवं. पोलवर चढण्यात हाताच्या जोराइतकीच कातडीची पकड महत्त्वाची असते: मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण, घोटा. अंगावर कपडे कमी असतात त्याचं तांत्रिक कारण हे आहे, कापड घसरतं आणि कातडी धरते. अंगाला लोशन लावलेलं असेल तर पकड सुटते, घाम आला तरी सुटते, पोल फार थंड असला तरी बसत नाही. आधीच्या नर्तकीचं तेल आणि घाम पोलवर राहतो, म्हणून दोन नाचांच्या मध्ये तो स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. शिकणाऱ्या मुलींच्या मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर पहिले काही महिने काळेनिळे डाग असतात.

रमोना नाचते ते फियोना अ‍ॅपलच्या 'क्रिमिनल' या गाण्यावर, आणि ही निवड धाडसाची आहे. गाणं संथ आहे. वेगवान गाण्यावर गिरकीचा झोक अर्धं काम करून टाकतो. संथ लयीत झोक मिळत नाही, शरीर हवेत तोलून धरावं लागतं आणि सगळा भार पोटाच्या स्नायूंवर आणि खांद्यांवर येतो. वर पायात उंच प्लॅटफॉर्म हील्स. त्यांचं वजन पाय फिरवताना कामी येतं, पण उलटं लटकताना तेच वजन खाली ओढतं. लोपेझला शिकवलं जोहाना सपाकी यांनी, ज्यांनी सर्क द्यु सोले या प्रसिद्ध सर्कशीत काम केलं आहे. पडद्यावर दिसतं ते लोपेझनेच केलेलं असल्यामुळे छायाचित्रकार टॉड बनहॅझल यांना चेहरा लपवावा लागत नाही. कॅमेरा लांब राहतो आणि अख्खं शरीर एका चौकटीत दिसतं. नाचाच्या दृश्यात दर दोन सेकंदांनी कट आणि अवयवांचे तुकडे ही हिंदी-इंग्रजी चित्रपटांची जुनी खोड इथे नाही. नाच संपल्यावर रमोना नोटांचा ढीग छातीशी कवटाळून डेस्टिनीजवळून जाते. ती थकलेली आहे, घामाघूम आहे आणि खूश आहे. काम उत्तम झाल्याचा आनंद असा स्वच्छ दाखवलेला या विषयावरच्या चित्रपटांत फारसा सापडत नाही.

पुढचा गच्चीवरचा प्रसंग तर फारच सुंदर आहे. थंडीत रमोना फर कोटात सिगारेट ओढत पडली आहे, डेस्टिनी कुडकुडत येते आणि रमोना तिला त्याच कोटात घेते. वेशभूषाकार मिचेल ट्रॅव्हर्स यांचा तो कोट पुढच्या दीड तासाची नाती सांगून टाकतो: रमोना ऊब देते, आणि ऊब देणारी तीच म्हणून मालकीणही तीच.

मग शिकवणी. फ्रंट हूक, अँकल हूक, नी हूक, या तीन मूळ पकडी रमोना एकेक करून दाखवते आणि त्यांतून पुढे कॅरसेल, पीटर पॅन, स्टॅग असे प्रकार निघतात. क्रम बरोबर आहे, कुठल्याही पोलच्या वर्गात साधारण असाच असतो. डेस्टिनीची फजितीही अगदी खरी आहे. नवशिके शरीर पोलपासून लांब ठेवतात आणि हात वाकवून लटकतात, त्यामुळे भार दंडावर येतो, गिरकी अर्ध्यात मरते आणि माणूस बटाट्याच्या पोत्यासारखा खाली येतो. वर धरलेला हात सरळ हवा, खांदा कानाजवळ जाता कामा नये आणि बाहेरच्या पायाने मोठं वर्तुळ काढून वेग घ्यायला हवा. वू हे सगळं चुकीचं करते आणि ते चुकीचं बरोबर दिसतं, ही अभिनयातली बारीक मेहनत आहे.

जवळ बसून करायच्या नाचाचे धडे कार्डी बी देते. संगीतात येण्याआधी ती स्वतः स्ट्रिपर होती, आणि तिच्या बोलण्यात तो अनुभव जाणवतो. अभिनेत्री ट्रेस लायसेट याच भागात आहे. लेखिका आणि नर्तकी जॅकलिन फ्रान्सिस सेटवर सल्लागार होत्या. मेकअपच्या खोलीतली गर्दी, गप्पा, एकमेकींच्या खोड्या आणि मदर (मर्सिडीज रूल) यांची देखरेख इतकी सहज वाटते त्यामागे अशी जाणकार माणसं आहेत.

२००८ ची मंदी येते आणि चित्रपटाचा सूर बदलतो. वॉल स्ट्रीटची गिऱ्हाइकं गायब. रमोना कपड्यांच्या दुकानात नोकरीला. डेस्टिनीच्या पदरी लहान मुलगी, जोडीदाराशी संबंध तुटलेले. ती क्लबमध्ये परतते तेव्हा भाव कोसळलेले आहेत आणि त्याच पैशात जास्त काही मागितलं जातंय. एक गिऱ्हाईक तिला ३०० डॉलर कबूल करतं आणि नंतर तिच्या हातात २० च्या तीनच नोटा निघतात. त्या तीन नोटांवर कॅमेरा थांबतो. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सर्वांत क्रूर क्षण हा आहे, आणि त्यात आरडाओरडा नाही.

यानंतरची फसवणूक, म्हणजे बारमध्ये श्रीमंत पुरुष गाठायचे, त्यांच्या पेयात गुंगीचं औषध टाकायचं आणि शुद्ध हरपली की क्लबमध्ये आणून क्रेडिट कार्ड घासायचं, ही खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. जेसिका प्रेसलर यांचा त्यावरचा लेख २०१५ मध्ये न्यू यॉर्क मासिकात आला होता. पाठोपाठच्या दृश्यमालिकेत संपादक केला एम्टर यांनी कमाल वेग साधला आहे, आणि शोपँचे पियानोचे तुकडे या गुन्ह्याला उगाच भडक न करता पुढे नेतात.

पण इथेच चित्रपट सैलही होतो. पहिली अडचण म्हणजे माणसं पातळ होतात. कार्डी बी आणि गायिका लिझो पहिल्या भागानंतर जवळजवळ दिसतच नाहीत. मर्सिडीज (किकी पामर) आणि अ‍ॅनाबेल (लिली राइनहार्ट) टोळीत शेवटपर्यंत असूनही एकेका लकबीपुरत्या उरतात. अ‍ॅनाबेल घाबरली की ओकते. पहिल्यांदा हसू येतं, नंतर कळतं की तिच्याबद्दल आपल्याला बाकी काही सांगितलेलंच नाही. पाचसहा बायकांची गोष्ट म्हणून सुरू झालेला चित्रपट दोघींची गोष्ट होऊन बसतो. ती दोघींची गोष्ट उत्तम आहे, पण वचन मोठं दिलं होतं. या बाबतीत मायकेल रॅडफोर्ड यांचा 'डान्सिंग अ‍ॅट द ब्लू इग्वाना' (२०००) उजवा आहे. त्यात लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका क्लबमधल्या पाच नर्तकी आहेत. तयार संहिता नव्हती. डॅरिल हॅना, जेनिफर टिली, सँड्रा ओ, शीला केली आणि शार्लट आयाना यांनी कार्यशाळेत आपापल्या व्यक्तिरेखा घडवल्या. तो चित्रपट विस्कळीत आहे, काही धागे लोंबकळत राहतात, पण पाचही जणी वेगवेगळ्या आठवतात. सँड्रा ओची कविता लिहिणारी जॅस्मिन तर खास. शीला केलीने त्या भूमिकेसाठी पोल शिकला आणि पुढे त्यातूनच व्यायामाची एस फॅक्टर ही संस्था काढली.

दुसरी अडचण मुलाखतीच्या चौकटीची. पत्रकार एलिझाबेथ (ज्युलिया स्टाइल्स) प्रश्न विचारते, डेस्टिनी उत्तरं देते आणि आपण मागे जातो. ही चौकट एका ठिकाणी फार उपयोगी पडते: डेस्टिनी रेकॉर्डर बंद करते तेव्हा कळतं की आपण आतापर्यंत फक्त तिची बाजू ऐकतोय. एरवी मात्र दर वीस मिनिटांनी सोफ्यावर परत येण्याने तापलेली गोष्ट थंड होते.

तिसरी, जरा नाजूक. डग नावाचा एक बळी चित्रपटात माणूस म्हणून येतो. त्याचं घर, त्याचा मुलगा, त्याचा फोनवरचा तुटलेला आवाज. डेस्टिनी तो फोन ऐकते तेव्हा वूचा चेहरा बघण्यासारखा आहे. बाकी बळी सूटबूटातले विदूषक राहतात. गुंगी देऊन लुटणं हा जिवावरचा खेळ आहे, आणि दिग्दर्शिकेला तो ठाऊक आहे. एक माणूस छतावरून उडी मारून रक्तबंबाळ होतो, त्याला दवाखान्यात पोचवून डेस्टिनी तशाच कपड्यांनी मुलीला शाळेत सोडायला धावते. या प्रसंगाची जरब आणखी दोनतीन ठिकाणी हवी होती.

निर्मितीबद्दल थोडं. सुमारे २ कोटी डॉलर खर्च, चित्रीकरण २९ दिवसांत. क्लबचे प्रसंग क्वीन्समधल्या एका खऱ्या क्लबमध्ये चित्रित झाले आहेत, त्यामुळे भिंतींवरचा दिव्यांचा उजेड, खोल्यांची उंची, वाटांची अडचण यांत सेटचा खोटेपणा नाही. जगभरातून १५ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. लोपेझला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, ऑस्करचं मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं.

बघणाऱ्यांसाठी: लांबी ११० मिनिटं, प्रौढांसाठीच. नग्नता अपेक्षेपेक्षा कमी, भाषा अपेक्षेपेक्षा शिवराळ. मुली एकमेकींच्या बोलण्यावर बोलतात आणि क्लबमध्ये संगीत मोठं असतं, म्हणून सबटायटल लावूनच बघा. मोबाइलवर पाहिलात तर पहिला लांब शॉट आणि रमोनाचा नाच दोन्ही वाया जातील, कारण दोन्हींत माणूस लहान आणि जागा मोठी आहे. कुणाला फक्त चोरीची चुरस हवी असेल तर पहिली चाळीस मिनिटं संथ वाटतील. ती पळवू नका, चित्रपटाचा जीव तिथेच आहे. जमलं तर दोन दिवसांच्या अंतराने 'ब्लू इग्वाना'ही बघा, आधी 'हसलर्स', मग तो. उलट क्रमाने पाहिलं तर 'ब्लू इग्वाना'च्या पाच जणी मनात असताना मर्सिडीज आणि अ‍ॅनाबेल फारच अपुऱ्या वाटतील. पाचपैकी चार तारे, आणि त्यातला एक पूर्ण त्या २० च्या तीन नोटांसाठी.