फुकटात विणकाम शिकायचंय? व्हिडिओ, लिखित नमुना की आलेख

विणकाम शिकायला आज फी लागत नाही, लागते ती लोकर. चुकीच्या ठिकाणाहून चुकीची गोष्ट शिकायला गेलं की तीच वाया जाते. म्हणून आधी एवढं ठरवा: हात अजून बसायचा आहे, की हात बसलाय आणि आता एखादी वस्तू पुरी करायची आहे? हात बसवायला व्हिडिओ, वस्तू पुरी करायला लिखित नमुना (ओळीओळीने लिहिलेली कृती) किंवा आलेख (टाके चिन्हांनी दाखवणारं चित्र). अर्धवट राहिलेले बरेच स्वेटर ही अदलाबदल केल्यामुळे पिशवीत पडून असतात.

हात बसवायला: व्हिडिओ

दोरा कुठल्या बोटावरून घ्यायचा, सुई टाक्यात पुढून घालायची की मागून, हे वाचून कळत नाही, बघावंच लागतं. यूट्यूबवर तोरण, रुमाल, बाळाची टोपडी यांचे मराठी व्हिडिओ भरपूर आहेत. टाके नीट जवळून दाखवणारे इंग्रजी आणि हिंदी व्हिडिओही चालतात, कारण इथे भाषेपेक्षा कॅमेरा महत्त्वाचा. वेग निम्मा करून बघा. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक पाऊल मागे-पुढे सरकतं. डावखुऱ्यांनी मोबाइल आरशासमोर धरून आरशातलं चित्र बघावं.

दोन सुयांच्या विणकामात काही जण दोरा उजव्या हातात धरून सुईवर टाकतात, काही डाव्या हातात धरून सुईने ओढून घेतात. दोन्ही बरोबर. पण पहिले पंधरा दिवस एकच पद्धत दाखवणारा एकच माणूस धरा. रोज नवा चॅनल लावला की हात गोंधळतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक व्हिडिओत क्वचितच सांगतात. दोन सुयांवर 20 टाके घातले आणि दहाव्या ओळीला 24 झाले, असं होतं ते ओळीच्या सुरुवातीला. दोरा सुईच्या वरून मागे ओढला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. दोरा सुईखालून मागे न्या, आकडा वाढत नाही. क्रोशात, म्हणजे एकाच आकड्याच्या सुईने विणताना, नेमकं उलट होतं, कापड दोन्ही कडांनी आत येत जातं. खांबांच्या (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांच्या) ओळीत सुरुवातीच्या 3 साखळ्या, म्हणजे साधे ओढून काढलेले फास, हाच पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्याच साखळ्यांच्या डोक्यात घालायचा राहिला, तर दर ओळीला एक खांब कमी होतो आणि रुमालाचा त्रिकोण होतो.

व्हिडिओ कमी पडतो तो मापाला. "आठ नंबरची सुई घ्या" एवढंच ऐकून सुई घेऊ नका. जुन्या ब्रिटिश मापात 8 नंबर म्हणजे 4 मिमी, अमेरिकन मापात 5 मिमी. शिवाय ब्रिटिश मापात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मापात जाड. घरातल्या जुन्या सुयांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतात. मिलिमीटर न सांगणाऱ्या व्हिडिओवरून पायमोजे-टोपी चालेल, स्वेटर नाही.

मापाचं काम असेल तर: लिखित नमुना

तीन ठिकाणं पुरेशी आहेत. रॅव्हलरी ही विणकामाच्या नमुन्यांची वेबसाइट 2007 पासून चालू आहे. खातं फुकट, आणि शोधताना फुकट नमुने, अवघडपणा, किती लोकर लागेल अशा चाळण्या (फिल्टर) लावता येतात. इथली खरी किंमत खालच्या शेऱ्यांत आहे. हाच नमुना आधी विणलेल्यांचे फोटो आणि "बाही आखूड झाली" छापाच्या नोंदी वाचून घ्या, एखादा गुंडा वाचतो. फुकट म्हणून दाखवलेला नमुना कधी बाहेरच्या बंद पडलेल्या पानावर नेतो, म्हणून रॅव्हलरीवरूनच उतरवता येणारे नमुने दाखवणारी चाळणी लावलेली बरी.

नॉर्वेतल्या गार्नस्टुडिओचे ड्रॉप्स नमुने नवशिक्याला जास्त सोयीचे. सगळे फुकट, ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजी वेगवेगळं निवडता येतं, आणि नमुन्यातल्या टाक्यांचे छोटे व्हिडिओ तिथेच जोडलेले असतात. नमुने त्यांच्याच लोकरीवर बेतलेले असले तरी लोकरीचे जाडीनुसार गट केलेले आहेत. आपल्या दुकानात मिळणारी त्याच जाडीची लोकर चालते. निटी हे 2002 पासूनचं इंटरनेटवरचं फुकट मासिक, पण ते हात बसल्यावर.

क्रोशाच्या लिखित नमुन्यात एक मोठा खड्डा आहे. आपला मुका खांब (वेढा न घेता घातलेला बुटका टाका) अमेरिकेत "सिंगल क्रोशे", इंग्लंडमध्ये "डबल क्रोशे". अमेरिकन "डबल" म्हणजे आपला खांब, आणि त्यालाच इंग्लंडमध्ये "ट्रेबल" म्हणतात. गफलत झाली तर टोपी कानाच्या वरच संपते किंवा नाकापर्यंत येते. खूण सोपी आहे: नमुन्यात "सिंगल क्रोशे" हे शब्द कुठेही दिसले तर तो अमेरिकन, कारण इंग्लंडमध्ये ते नाव वापरतच नाहीत.

नमुना कुठलाही असो, स्वेटरआधी 15 सेंमीचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या 10 सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. नमुन्यात 20 आणि तुमचे 22 आले तर 200 टाक्यांचा 100 सेंमी घेर 91 वर येतो. सुई एक माप जाड घ्या आणि पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे खरं, पण बाह्या जोडल्यावर उसवण्यापेक्षा बरं.

इंग्रजी वाचायचं नसेल तर: आलेख

मराठी वाचकाने आलेखाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. क्रोशाचे जपानी आलेख भाषा न येता विणता येतात: लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, डोक्यावर आडवी रेघ असलेली काठी म्हणजे अर्धा खांब, त्याच काठीला मध्ये एक तिरपी रेघ असेल तर खांब, दोन असतील तर दुहेरी खांब.

तोरण आणि रुमालांसाठी तर चौकटींचा आलेख पुरतो. अँटिक पॅटर्न लायब्ररी या वेबसाइटवर स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तिकांची पानं फुकट मिळतात, आणि भरतकामाच्या फुलीटाक्याचा आलेखही वापरता येतो. एक चौकट म्हणजे 3 खांब, शेवटी कडेचा एक जास्त. 20 चौकटी रुंद, काठ भरीव (सगळ्या चौकटी खांबांनी भरलेला) असेल तर 61 खांब हवेत. त्यासाठी 63 साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. रिकामी चौकट म्हणजे मधल्या दोन खांबांऐवजी 2 साखळ्या. "शुभ लाभ" आलेखवहीवर स्वतः काढता येतं. फक्त सगळ्यांच्या हातची चौकट चौरस येत नाही. आधी 5 बाय 5 चौकटी विणून मोजा, नाहीतर गणपतीचा चेहरा लांबट होतो.

दोन सुयांच्या आलेखात कापडाच्या मागच्या बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आणि सुलट दाखवलेला टाका उलट घालायचा असतो. त्यामुळे पहिलाच आलेख निवडायचा असेल तर क्रोशाचा निवडा. क्रोशात एकच टाका उघडा असतो, चूक उसवायला सोपी. सुईवरून एक टाका निसटला की खालपर्यंत शिडी पडते.

कुठे जाऊ नये

व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर फिरणारे "फुकट" नमुने बहुतेक विकतच्या नमुन्यांच्या चोरलेल्या प्रती असतात, वर पानंही गहाळ. दुसरा ताप खेळण्यांच्या, एआयने बनवलेल्या नमुन्यांचा. फोटो गोंडस, पण त्यातले टाके मोजायला गेलं तर एकमेकांत विरघळलेले. लोकर घेण्याआधी पहिल्या पाच फेऱ्या कागदावर मोजा. मुक्या खांबाचा सपाट गोल 6, 12, 18, 24, 30 असा दर फेरीला 6 ने वाढतो. अर्ध्या खांबाचा साधारण 8 ने, खांबाचा 12 ने. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर. फेरीच्या शेवटी कंसात एकूण टाके दिलेले नसतील, किंवा दिलेला आकडा तुमच्या बेरजेशी जुळत नसेल, तर तो नमुना सोडून द्या.